‘सगळे बंद होते!’

तीन राजांच्या सणाच्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर उभे असताना धर्मग्रामातील एका गृहस्थांनी आम्हांला गाठले. मुलगा, सून, नातवंडे असा सारा परिवार घेऊन ते नाताळच्या सुट्टीत लंडनला जाऊन आले होते. सहल कशी झाली, एवढेच आम्ही विचारले. “फादर, पैसे पाण्यात गेले,” ते उसळून म्हणाले. “सगळे बंद होते! बस नाही, आगगाडी नाही, म्युझियमला कुलूप, दुकानांना कुलूप. पंचवीस तारखेला पोरांनी हॉटेलच्या खोलीत बसून वेफर्स खाल्ले. म्हणे ख्रिस्ती देश!” भोवती जमलेल्या चार-सहा जणांनी माना डोलावल्या. ज्या सहल कंपनीने त्यांना नेले तिचाही यथास्थित उद्धार झाला. शेवटी आम्ही विचारले, “आणि मिस्सेला कोठल्या देवळात गेला होता?” गृहस्थ क्षणभर थांबले व म्हणाले, “जाणार कसे, फादर? गाडी नव्हती ना.”

त्या गृहस्थांना दोष देण्यासाठी आम्ही ही लेखणी उचललेली नाही. ते देवळाच्या कामाला हाकेसरशी धावून येणारे आहेत, आणि हा मजकूर छापावयास धाडण्यापूर्वी आम्ही त्यांना वाचून दाखविला आहे. (ते हसले, सहमत झाले नाहीत.) आमचे भांडण आहे ते त्या तीन शब्दांशी. रोमहून परतलेले लोकही हेच सांगतात, की २५ आणि २६ डिसेंबरला व्हॅटिकनची संग्रहालये बंद होती आणि सिस्टाइन चॅपेल पाहावयाचे राहून गेले. पॅरिसहून आलेले तेच सांगतात. ‘सगळे बंद होते’ हे वाक्य आम्ही प्रत्येक वेळी तक्रार म्हणूनच ऐकले आहे. ‘बरे झाले, त्या दिवशी सगळ्यांना घरी जाता आले’ असे म्हणणारा यात्रेकरू आम्हांला अद्याप भेटावयाचा आहे. ख्रिस्तजयंतीच्या दिवशी एका मोठ्या नगरीने आपला व्यवहार थांबविला, याचे ख्रिस्ती माणसालाच वाईट वाटावे, ही गोष्ट आम्हांला साधी वाटत नाही.

जे बंद असते त्याची यादी आम्हांलाही पाठ आहे. २०१८ चा नाताळ आम्ही लंडनमध्ये काढला. अभ्यासरजेवर असताना तेथील एका उपनगरी धर्मग्रामात मदतनीस म्हणून राहण्याचा योग आला होता. २५ डिसेंबर हा लंडनच्या वर्षातील एकच दिवस असा, की त्या दिवशी भुयारी रेल्वे धावत नाही आणि लाल बसही धावत नाही. देशभरच्या आगगाड्या आदल्या दिवशी संध्याकाळपासूनच आटोपत्या घेतात आणि बहुतेक मार्गांवर २६ तारखेलाही सुटत नाहीत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टॉवर ऑफ लंडन ही तिन्ही २४ पासून २६ पर्यंत बंद. टॅक्सी मिळते, पण तिचे भाडे ऐकून आमच्यासारखा माणूस चालत जाणेच पसंत करील. भाड्याची सायकल मिळते. झग्यातल्या माणसाला तिचा उपयोग नाही.

तेव्हा आम्ही चाललो. नाताळच्या सकाळी वृद्ध धर्मभगिनींच्या एका मठात मिस्सा अर्पण करावयाची होती आणि ती जागा पाऊण तासाच्या अंतरावर होती. ज्या रस्त्यावर एरवी बोललेले ऐकू येत नाही, त्या रस्त्यावर आमच्याच बुटांचा आवाज आम्हांला ऐकू येत होता. बसथांब्यावर कोणी नव्हते. एका घरातून भाजल्या जाणाऱ्या पक्ष्याचा वास येत होता, दुसऱ्या घरात लहान मूल रडत होते. चौकातील दिवे कोणासाठी तांबडे आणि कोणासाठी हिरवे होत होते कोण जाणे. आम्ही वसईच्या मातीतले. गर्दीशिवाय सण म्हणजे आम्हांला पोरकेपणा वाटतो, आणि त्या दिवशीही थोडा वाटला, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्या पाऊण तासात जे मनात आले ते सेमिनरीतल्या धर्मविज्ञानाच्या वर्गात कधी आले नव्हते. देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, हे आम्ही शेकडो वेळा शिकविले होते. एक कोटीच्या आसपास वस्तीचे नगर विसावा घेताना कसे दिसते, हे प्रथमच पाहत होतो.

आदल्या रात्रीच्या मिस्सेची गोष्ट त्याहून सांगण्याजोगी आहे. देऊळ भरले होते. केरळच्या परिचारिका रुग्णालयातील पाळी संपवून, कोटाखाली गणवेश तसाच ठेवून, तीन-तीन चार-चार जणी मिळून आल्या होत्या. परतीला बस नसणार हे ठाऊक असूनही आल्या होत्या. गोव्याची कुटुंबे एकेका मोटारीत दाटीवाटीने बसून आली आणि मिस्सा संपल्यावर ज्यांना वाहन नाही अशांना वाटून घेऊन गेली. त्यांतील एक मध्यमवयीन गोवेकर बसचालक होता. आम्ही सहज म्हणालो, उद्या तुमच्या बसगाड्या नसल्याने लोकांची गैरसोय होत असेल. तो म्हणाला, “फादर, वर्षाचे बाकीचे दिवस मी सुट्टी मागतो. कोणाशी पाळी बदलतो, साहेबाची विनवणी करतो. हा एक दिवस मागावा लागत नाही.”

मागावा लागत नाही! वाचकहो, या लेखात आम्हांला सांगावयाचे आहे ते या तीन शब्दांत सामावले आहे. सुट्टी मिळणे वेगळे आणि सुट्टी मागावी न लागणे वेगळे. पहिली मालकाची कृपा असते. दुसरीत माणसाचा मान असतो.

कोणी म्हणेल, ही इंग्रजांची जुनी धर्मनिष्ठा. आपल्याला कशी जमणार? हा गैरसमज आहे. इंग्लंडचा इतिहास नेमका उलटा आहे. १६४७ साली प्युरिटनांच्या संसदेने नाताळ हा सणच रद्द ठरविला. शास्त्रात आधार नाही, पोपपंथीयांचे थोतांड आहे, असे त्यांचे म्हणणे. त्या वर्षी २५ डिसेंबरला दुकाने उघडी ठेवावीत असे फर्मान होते. कँटरबरी शहरात महापौर दुकाने उघडावयास लावू लागला, तेव्हा लोक चिडले, उघडलेल्या दुकानांवर चालून गेले आणि दंगल झाली. म्हणजे नाताळला दुकान बंद ठेवण्यासाठी तेथील सामान्य माणूस रस्त्यावर आला होता! १६६० मध्ये राजसत्ता परत आली तेव्हा सणही परत आला. परंतु विसावा मात्र सर्वांच्या वाट्याला आला नाही. डिकन्सची १८४३ मधील नाताळची सुप्रसिद्ध कथा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल. तिच्यातील कृपण स्क्रूज आपल्या कारकुनाला वर्षातला हा एक दिवस सुट्टी देतानाही कुरकुरतो. पुढे त्याचे हृदयपरिवर्तन होते, आणि नाताळच्या सकाळी तो खिडकीतून एका मुलाला हाक मारून कोंबडीवाल्याच्या दुकानातून भलामोठा टर्की आणवितो. हृदयपरिवर्तन झाले हे ठीक. पण त्या सकाळी ते दुकान उघडे होते आणि त्यात कोणी तरी उभा होता, याकडे कथेतल्या कोणाचेच लक्ष जात नाही. आमचेही कित्येक वर्षे गेले नव्हते.

बँकांच्या सुट्टीचा कायदा १८७१ चा; त्याने नाताळचा दुसरा दिवस सुट्टीचा केला. त्यानंतरही कित्येक दशके नाताळच्या दिवशी आगगाड्या धावत होत्या आणि १९५० च्या दशकापर्यंत फुटबॉलचे सामनेही होत होते. स्कॉटलंडमध्ये तर नाताळ सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला तो १९५८ मध्ये. आणि आमच्या गृहस्थांना जी मोठी दुकाने बंद दिसली, ती बंद ठेवणारा कायदा कधीचा असेल? २००४ चा! केव्हन जोन्स नावाच्या खासदाराने मांडलेले ते खाजगी विधेयक होते आणि दुकान-कामगारांच्या संघटनेने त्यासाठी मोहीम चालविली होती. २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानाने इंग्लंड व वेल्समध्ये नाताळच्या दिवशी उघडता कामा नये, इतकीच त्याची मागणी. लहान दुकानाला मुभा आहे. म्हणून कोपऱ्यावरचे आपल्याकडच्या एखाद्या माणसाचे दुकान उघडे सापडते आणि दूध-पाव मिळतो. पोरांना वेफर्स खावे लागले ते शोधण्याचा आळस झाल्यामुळे, असे आम्ही त्या गृहस्थांना म्हटलेही.

हा कायदा धर्मगुरूंनी मागितला म्हणून झाला नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या, मांडणीवर डबे लावणाऱ्या बायाबापड्यांनी मागितला. ‘बंद’ची पाटी अशी एकेक करून लागत आलेली आहे आणि ती लावून घेणारे हात कामकऱ्यांचे आहेत. ती पाटी पाहून ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणणारे आपण कोण?

लंडनला आम्ही स्वर्ग ठरवीत आहोत असे मात्र कोणी समजू नये. ज्यांनी त्या दिवशी घरी बसून जेवण केले त्यांतील बहुसंख्य लोक कोणत्याही देवळात गेले नव्हते. २६ तारखेला सकाळी त्याच दुकानांपुढे स्वस्त मालासाठी रांगा लागल्या आणि चोवीस तासांच्या विसाव्याचे जणू उट्टे निघाले. ज्याला घर नाही, त्याला बंद शहर अधिकच बंद असते. ज्या म्हातारीला भेटावयास येणारे कोणी नाही तिला तो दिवस खावयास उठतो. परंतु त्या दिवशी काय उघडे होते तेही पाहावे. देवळे उघडी होती. रुग्णालये उघडी होती. ‘क्रायसिस’ या संस्थेने बेघरांसाठी चालविलेली केंद्रे उघडी होती आणि तेथे वाढणारे हात पगारी नव्हते. ज्या शहरात देऊळ, इस्पितळ आणि बेघराचे जेवण तेवढे उघडे आहे, त्या शहरात ‘सगळे’ बंद होते असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

आता आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२४७ वा नियम आपण अर्धाच लक्षात ठेवतो. रविवारी व आज्ञेच्या सणांना मिस्सेत सहभागी व्हावे, हे प्रत्येक पोर जाणते. उरलेला अर्धा असा, की उपासनेच्या, त्या दिवसाच्या आनंदाच्या आणि देहमनाच्या विसाव्याच्या आड येणारी कामे वर्ज्य करावीत. १९९२ च्या श्रद्धाग्रंथाने याच्याही पुढचे पाऊल टाकले आहे. त्यातील २१८७ वा परिच्छेद आमच्या मते दर आगमनकाळात व्यासपीठावरून वाचून दाखवावा असा आहे. त्याचा आशय असा, की दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळता येऊ नये अशा अनावश्यक मागण्या ख्रिस्ती माणसाने त्याच्यापुढे करू नयेत. अनावश्यक मागण्या! म्हणजे मी माझा सण पाळला की माझे कर्तव्य संपले असे नाही. माझ्या सणापायी कोणाचा सण बुडाला, याचाही हिशेब माझ्याकडून घेतला जाणार. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात विसाव्याची आज्ञा वाचा. तेथे दास आहे, दासी आहे, बैल आणि गाढव आहे, वेशीच्या आत राहणारा परकाही आहे. आणि कारण काय दिले आहे? तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, याची आठवण ठेवा!

ही आठवण घेऊन आता वसईला परत येऊ. तेथेच आमचे खरे दुखणे आहे.

आमच्या धर्मग्रामातील कित्येक मुली मुंबईच्या मॉलमध्ये, विमानतळावर, हॉटेलांत कामाला आहेत. २५ डिसेंबर हा तेथे वर्षातला सर्वांत गर्दीचा दिवस. आपल्या राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना वर्षभर एकही दिवस न मिटता दुकान उघडे ठेवू देतो. त्याने कामगाराला आठ पगारी सणसुट्ट्या दिल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांच्यात ठरतील त्या. नाताळ त्या चारांत बसेल किंवा बसणार नाही. नाही बसला, तर लाल टोपी घालून दारात उभे राहावयाचे, येणाऱ्याला ‘मेरी ख्रिसमस’ म्हणावयाचे आणि शेवटच्या लोकलने घरी यावयाचे. गेल्या नाताळला मध्यरात्रीच्या मिस्सेला न आलेल्या एका मुलीच्या आईने आम्हांला हे सांगितले, तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, लाज होती; जणू मुलीचेच काही चुकले होते. तिला आम्ही काय सांगावे? आणि मिस्सेहून परतताना त्याच मॉलमध्ये पोराबाळांसह आइस्क्रीम खावयास जाणाऱ्या आमच्या कुटुंबांना काय सांगावे?

मॉल आपल्या हाती नाही, हे खरे. पण सभागृह आपल्या हाती आहे. आगमनकाळात आपण लग्ने लावीत नाही. त्यामुळे नाताळ उलटताच लग्नांची जी झुंबड उडते ती साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. २६ तारखेला लग्न म्हणजे २५ तारखेला मंडप, २५ तारखेला रोषणाई, २५ तारखेच्या रात्री भट्टी पेटलेली, इंद्यालाचे मांस चिरले जात असलेले, तांदळाच्या रोट्या भाजणाऱ्या बायका चुलीपुढे बसलेल्या. धर्मग्रामाच्या सभागृहाचा पहारेकरी, झाडलोट करणाऱ्या दोन आदिवासी भगिनी, वीजकाम पाहणारा, जेवणावळीचा आचारी यांना गेली कित्येक वर्षे नाताळ नाही. त्यांतील निम्मे कॅथलिक आहेत. सभागृह देवळाला लागून आहे. मध्ये गोठ्याचा देखावा तेवढा असतो. देवळात आम्ही गोठ्यातील बाळापुढे गुडघे टेकतो आणि भिंतीपलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत राहतो. हा आवाज आम्ही दहा वर्षे ऐकला आणि त्यावर एक शब्दही बोललो नाही, ही आमची स्वतःची कबुली.

म्हणून आम्ही धर्मग्राम समितीपुढे प्रस्ताव ठेवला आहे. २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ तारखेच्या रात्रीपर्यंत सभागृह कोणासही द्यावयाचे नाही, आणि ज्यांची मजुरी त्यामुळे बुडेल त्यांना ती देवळाच्या खात्यातून द्यावयाची. प्रस्तावाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. रोजंदारीच्या माणसाला नुसता विसावा देणे म्हणजे त्याला उपाशी ठेवून विश्रांतीचे प्रवचन देणे होय. ‘बंद ठेवून तुम्ही गरिबांच्या पोटावर पाय देता’ असा आक्षेप आमच्यावर आला आहे आणि तो खरा ठरला असता, जर मजुरीची तजवीज केली नसती.

दुसरा आक्षेप उत्पन्नाचा. ते बुडेल, यात शंका नाही. त्या तीन दिवसांचे भाडे वर्षातील सर्वांत चढे असते. तिसरा आक्षेप असा, की झाडलोट करणाऱ्या भगिनी ख्रिस्ती नाहीत, त्यांना नाताळची सुट्टी कशाला? या आक्षेपाला उत्तर वर येऊन गेले आहे. वेशीच्या आतला परका त्या आज्ञेत उगाच आलेला नाही. चौथा आक्षेप एका वयोवृद्ध भगिनीचा, आणि त्याने मात्र आम्हांला निरुत्तर केले. त्या म्हणाल्या, “फादर, सभागृह बंद कराल. आमचा स्वयंपाकघराचा नाताळ कोण बंद करील? कलकल, करंज्या, दोदोल आठ दिवस आधीपासून, पंचवीसला पाहुणे, पुरुष मंडळी ओट्यावर गप्पा मारणार.” आम्ही गप्प बसलो. आमच्या स्वतःच्या मातोश्रींना नाताळच्या दिवशी जेवताना बसलेले आम्ही पाहिल्याचे आठवत नाही. या बाबतीत समितीने ठराव करून भागणार नाही. प्रवचनाचा विषय तेवढा मिळाला.

लंडनला वा रोमला नाताळात जाऊ इच्छिणाऱ्यांना आमचा व्यवहारी सल्लाही येथेच देऊन ठेवतो, म्हणजे आम्ही नुसते रागावतो असे व्हावयाचे नाही. देवळापासून चालत जाता येईल अशीच राहण्याची जागा घ्या. २४ तारखेला दुपारी दोन दिवसांचा शिधा आणून ठेवा. संग्रहालये २३ पर्यंत पाहून घ्या. रोममध्ये असाल तर नाताळला दुपारी बारा वाजता संत पेत्राच्या चौकात उभे राहा. पोपमहोदय सज्जातून नगरीला आणि जगाला आशीर्वाद देतात आणि त्याला तिकीट नाही. लंडनमध्ये थेम्सच्या काठाने चालत जा. इतकी मोकळी ती वर्षभरात पुन्हा दिसणार नाही. आणि एखादा बसचालक भेटलाच, तर त्याला बसची चौकशी करू नका.

समितीची बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहातच भरेल. ज्यांना विरोध करावयाचा आहे त्यांनीही यावे. येत्या २६ डिसेंबरसाठी आजपर्यंत दोन अर्ज दाखल झाले आहेत. त्यांपैकी एक लंडनहून परतलेल्या आमच्या त्या गृहस्थांचा आहे, धाकट्या मुलीच्या लग्नासाठी.